मळ निघतोय, सर!

संपादकांनी कथा मागितली होती, मी त्यांना भांडण पाठवीत आहे. कथा पुढच्या वर्षी लिहिता येईल. भांडण मात्र याच वर्षी आणि फराळाची ताटे समोर असतानाच केले पाहिजे. कारण दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंतच्या या दिवसांत आपल्याकडे जितक्या मोटारी घासल्या, पुसल्या आणि चकाकवल्या जातात, तितक्या उरलेल्या वर्षभरात जात नसतील असा माझा कयास आहे.

भांडण आहे ‘पॉलिश’ या शब्दाशी, आणि तो शब्द पाटीवर लिहून पोट भरणाऱ्यांशी.

मी चित्रकलेचा मास्तर. दहावी पास होऊन विद्यार्थी म्हणून शाळा सोडली. मास्तर म्हणून ती अजून सुटलेली नाही. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. मोटारीच्या रंगावर बोलण्याचा तुम्हाला अधिकार काय, असे कोणी विचारील, तर रंग, कागद आणि पेन्सिल यांच्याशी माझा रोजचा संबंध येतो एवढेच उत्तर माझ्याकडे आहे. या लेखाला तेवढे पुरते.

पॉलिश हा शब्द आपल्या घरात किती अर्थांनी वावरतो, पाहा. बुटाला पॉलिश करतो तेव्हा आपण मेणाचा आणि रंगाचा थर चढवतो. जुन्या कपाटाला पॉलिश करतात तेव्हा स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख चढवतात. पण फरशीला पॉलिश करणारा माणूस यंत्र घेऊन येतो आणि घरभर पांढरा चिखल करतो. तो चिखल म्हणजे आपलीच फरशी असते. तांदळाला पॉलिश करतात तेव्हा त्याचा कोंडा जातो. आणि दागिना? आमच्या आईने आयुष्यात एकदाच पाटल्या पॉलिशला दिल्या, त्याही सोनारासमोर बसून, आधीचे आणि नंतरचे वजन चिठ्ठीवर लिहून घेऊन. “चकाकी फुकट येत नसते रे, गुंजभर सोनं जातंच,” असे ती म्हणे.

म्हणजे शब्द एक, पण कुळे दोन. एक चढवणाऱ्यांचे, दुसरे काढणाऱ्यांचे. मोटारीचे पॉलिश हे या दुसऱ्या कुळातले आहे. तांदळाचे, फरशीचे आणि पाटल्यांचे ते सख्खे भावंड. डब्यात मात्र ते बुटाच्या पॉलिशसारखे दिसते, म्हणून आपण त्याला बुटाच्या कुळातले समजून बसतो. चढवायची वस्तू निराळी, तिचे नाव वॅक्स. आपल्या आज्यांना हा भेद कोणी शिकवावा लागला नव्हता. पितळेचे पातेले चिंचेने घासणे वेगळे आणि त्याला कल्हई लावणे वेगळे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पॉलिश म्हणजे घासणे, वॅक्स म्हणजे कल्हई. घासल्यावाचून कल्हई नीट बसत नाही हे खरे. पण कल्हई शाबूत असताना दर महिन्याला पातेले घासणाऱ्या बाईला सासूने काय म्हटले असते?

हे शहाणपण मला गेल्या वर्षीच्या दसऱ्याला असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

आमची गाडी निळी, गडद निळी, आणि आमच्याकडे आली तेव्हा सहा वर्षे वापरलेली. गडद रंगाच्या गाडीवर प्रत्येक रेघ दिसते, हे घेताना कोणी सांगत नाही. आम्ही राहतो पुण्यात कात्रजकडे, आणि भोवती सदैव कुठले ना कुठले बांधकाम चालू असते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गाडी एका दुकानात नेली. पाटीवर ‘पॉलिश, वॅक्स, टेफ्लॉन, सिरॅमिक’ असे चार शब्द एका ओळीत रंगवलेले होते, जणू चहा, कॉफी, दूध, सरबत. “पॉलिश करून घ्या सर, नव्यासारखी होईल,” असे दुकानदार म्हणाला. मी मान डोलावली.

कारागिराने कंपाउंड लावून गरगर फिरणारे यंत्र बॉनेटवर धरले. थोड्या वेळाने मला यंत्राच्या पॅडवर निळसर छटा दिसली. रंग ओळखणे हा माझा धंदाच आहे. मी विचारले, “अहो, रंग येतोय का?” दुकानदाराने वळूनही न पाहता सांगितले, “मळ निघतोय, सर.”

आणि मी गप्प बसलो. का बसलो, ते सांगतो. मिरजेला माझ्या मामांची हिरवी प्रीमियर पद्मिनी होती. रविवारी सकाळी मामा डब्यातले पॉलिश फडक्यावर घेऊन ती घासू लागले की फडके हिरवेगार होई, आणि मामा समाधानाने म्हणत, “मळ निघतोय रे!” मामांचे म्हणणे त्यांच्या गाडीपुरते वावगे नव्हते. त्या गाडीच्या रंगावर पारदर्शक थर नव्हता. उन्हाने रंगाचाच वरचा पापुद्रा मरून खडूसारखा भुरकट होई, तो घासून काढला की खालचा ताजा रंग वर येई. फडक्याला हिरवे लागणे हे तिथे काम नीट चालल्याचे लक्षण होते. ती पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतूनदेखील २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. मामांचे वाक्य मात्र निवृत्त झाले नाही. ते माझ्या कानात राहिले, आणि दुकानदाराच्या तोंडात.

आजच्या गाडीची गोष्ट निराळी आहे. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, त्यावर अस्तर, त्यावर रंग, आणि सर्वांत वर रंगहीन पारदर्शक थर असतो, ज्याला कारागीर क्लिअर कोट म्हणतात. हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. १,००० मायक्रॉनचा एक मिलिमीटर होतो. म्हणजे मुलांच्या वहीची फार तर दोन पाने. त्यातला पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनचा, अर्ध्या पानाहून थोडा जाड. गाडीची सगळी झळाळी या अर्ध्या पानात असते, आणि उन्हातले अतिनील किरण अडवणारी द्रव्येही त्यातच कालवलेली असतात. पॉलिश ओरखडा भरून काढत नाही. ओरखड्याच्या भोवतालची जमीन घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणते. हलक्या हाताने, बारीक पॉलिशने एखाद-दुसरा मायक्रॉन जातो. खरखरीत कंपाउंड, यंत्र आणि दसऱ्याची घाई एकत्र आली की पुष्कळ जास्त जातो. आणि पत्र्याच्या दुमडीवर, कडेवर, जिथे थर मुळातच पातळ असतो, तिथे सगळाच जातो. तेव्हा अशा गाडीवरून पॅडला रंग लागला तर मळ निघत नसतो. वरचे पान फाटून खालची शाई बोटाला लागत असते.

संध्याकाळी दुकानाच्या ट्यूबलाइटखाली गाडी अशी झळकत होती की सौभाग्यवतींनी, “अहो, ही आपलीच ना?” असे विचारले. दसऱ्याला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिले. (जाता जाता सांगतो. स्वस्तिक रंगावर बोटाने रेखण्याऐवजी काचेवर रेखा. हळदीचा डाग उन्हाने फिका होतो, पण भेसळीच्या कुंकवातले रंग आणि खर कुठे जात नाहीत. माळही तारेत ओवलेली नको. तार वाऱ्याने रस्ताभर बॉनेट खरवडत येते.) शेजाऱ्यांनी दुकानाचा पत्ता विचारला. मीही अभिमानाने दिला, हे लपवीत नाही.

दिवाळी झाली आणि तीन-चार धुण्यांनंतर, कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात, गाडीभर कोळ्याची जाळी उमटलेली दिसली. बॉनेटवर, दारांवर, जिथे सूर्याचे प्रतिबिंब पडेल त्याभोवती गोल गोल रेघा. हा गोलपणा डोळ्यांचा खेळ असतो. ओरखडे सगळ्या दिशांना असतात, पण प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून ते प्रकाशाभोवती कडे केल्यासारखे दिसतात. मला हे ठाऊक होते. तरीही मी पहिला विचार केला तो आमच्या सोसायटीत पहाटे गाड्या पुसणाऱ्या पोराचा.

पोरगा म्हणजे एकोणीस-वीस वर्षांचा. मराठवाड्यातून आलेला, पोलीस भरतीची तयारी करणारा, उंचीने मात्र बेताचा. एका गाडीचे महिना पाचशे रुपये. एक बादली, एक फडके आणि अठरा गाड्या. ही एक बादली त्याची हौस नव्हती. सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात आणि टँकरचे बिल सगळ्यांत वाटले जाते, म्हणून गाड्यांना पाणी किती द्यायचे याचा ठराव झालेला होता. त्या ठरावाला सूचक कोण होते हे आठवत नाही. अनुमोदक मी होतो. “एक बादली अजून मिळाली असती, सर,” असे तो मला दोनदा म्हणाला होता. घरातूनही सूचना आली होती, “अहो, त्याला पाणी तरी बदलू द्या.” मी दोन्हीकडे लक्ष दिले नाही.

सभेत मी दोन तक्रारी केल्या. एक, की याने घाणेरड्या फडक्याने गाडी ओरखडली. दोन, की हा कधी टप पुसत नाही, टपावर धुळीचा थर तसाच असतो. पोरगा दाराशी उभा होता. तो म्हणाला, “सर, ओरखडे टपावर पण आहेत. टपाच्या मधोमध माझा हात पोचतो का?” कोणीतरी हसले. मीही हसलो. त्याचे एका महिन्याचे पैसे कापले गेले आणि काम बंद झाले.

मे महिन्याच्या सुटीत मी स्वतः स्टूल लावून टप धुतला. धूळ गेल्यावर टपाच्या बरोबर मधोमध, जिथे त्या पोराचे फडके कधीच गेले नव्हते आणि म्हणूनच मी तक्रार केली होती, तिथे तीच जाळी होती. नुसती जाळी नव्हती. एकासारख्या एक वळणाच्या, सारख्या अंतराने पडलेल्या कमानी होत्या. माणसाचा हात असा सारखा चालत नाही, चित्रकलेच्या मास्तराला तरी हे सांगावे लागू नये. त्या यंत्राच्या कमानी होत्या. आणि बॉनेटच्या दुमडीवर बोटभर लांबीचा एक पट्टा निस्तेज पडला होता. निळसर छटा तिथून आली होती.

मग दसऱ्याच्या संध्याकाळची झळाळी कुठली? पुष्कळशा स्वस्त पॉलिशांत आणि वरून चोळायच्या ‘ग्लेझ’मध्ये तेलकट, भरावाची द्रव्ये असतात. ती ओरखड्यांत बसतात, प्रकाश सपाट परततो, पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. भिंतीच्या भेगांत लांबी भरून रंग द्यावा तसे. फरक इतकाच की ही लांबी काही धुण्यांत वाहून जाते. दुकानदाराने ओरखडे आधी पाडले, मग बुजवले. भराव वाहून गेला तेव्हा गाडी त्याच्या दुकानात नव्हती, सोसायटीत होती, आणि फडके दुसऱ्याच्या हातात होते. या व्यवहारातली ही गोम मला सर्वांत मोठी वाटते. चकाकी उतरते तेव्हा ती देणारा तिथे हजर नसतो. हजर असतो तो पाचशे रुपयांवर पुसणारा.

त्या पोराच्या फडक्याने एकही रेघ पडली नसेल, असे मी म्हणत नाही. अठरा गाड्यांची धूळ एका बादलीत जमली की फडके कानशीसारखे होणारच. पण ती कानस आमच्या ठरावाने तयार केली होती.

आता त्या पाटीवरच्या उरलेल्या शब्दांकडे वळतो.

वॅक्सशी माझे भांडण नाही. ती गरीब वस्तू आहे. चांगल्या वॅक्समध्ये कार्नोबा असते, ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचे मेण. उन्हापासून जपण्यासाठी त्या झाडाने स्वतःच्या पानाला दिलेला तो लेप असतो. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, हे ८० च्या वर जाते, म्हणून त्याला मान. गडद रंगावर त्याची झाक फार सुरेख दिसते, पण आपल्या हवेत ते एक-दोन महिनेच टिकते. त्याहून जास्त टिकावे, पावसाळा निघावा, असे वाटत असेल तर सीलंट म्हणून मिळणारे कृत्रिम लेप घ्यावेत; झाक थोडी कोरडी, पण मुक्काम काही महिन्यांचा. दोन्ही सावलीत, थंड पत्र्यावर आणि अगदी पातळ लावायचे. जाड थराने जास्त चमक येत नाही, पुसणाऱ्याचे खांदे तेवढे दुखतात.

टेफ्लॉन १९३८ मध्ये सापडले आणि तव्यावर येऊन बसले, पण तव्यावर ते तीनशे अंशांच्या वरच्या भट्टीत भाजून बसवतात. मोटार भट्टीत घालता येत नाही; घातली तर रंगाचा प्रश्नच उरणार नाही. तेव्हा बाटलीतले टेफ्लॉन फडक्याने चोळून गाडीचा तवा होतो, हे मला पटत नाही.

सिरॅमिकचा लेप खोटा नाही. सिलिकाच्या कुळातली ती द्रव्ये रंगाला घट्ट धरतात, वॅक्सपेक्षा पुष्कळ जास्त टिकतात, पक्ष्यांच्या विष्ठेला काही काळ दाद देत नाहीत. पण पाच आकडी रक्कम मागताना दुकानात जे सांगितले जाते ते ऐकून माझ्यातला मास्तर उठून उभा राहतो. “९एच आहे सर, हिरा १०, हा ९!” ही थाप आहे. हिरा १० आणि गारगोटी ७, ही १८१२ सालची मोस यांची खनिजांची शिडी. ९एच ही पेन्सिलींची शिडी. एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या पोरांच्या पेटीत एचबी, २एच असते, तीच वर चढत ९एचपर्यंत जाते. त्या पेन्सिलीने लेपावर ओरखडा उमटला नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. पेन्सिलीचा गाभा म्हणजे ग्रॅफाइट आणि माती. रस्त्यावरच्या धुळीतला गारगोटीचा कण तिला विचारीत नाही. तो लेप एखाद-दोन मायक्रॉनच्या आसपासचा असतो. त्याला चिलखत म्हणणे म्हणजे मलमलीला गोधडी म्हणणे.

आणि बॉनेटवर पाण्याचे मोती नाचवून दाखवतात, ते? अळवाच्या पानावर पाणी टाकून पाहा, तेही नाचते. पाणी नाचले म्हणजे वर पाणी झिडकारणारे काहीतरी आहे एवढेच कळते. खाली पारदर्शक थर चाळीस मायक्रॉन उरला आहे की दहा, ते मोती सांगत नाहीत. उलट आमच्याकडचे बोअरचे जड पाणी असेल तर तेच मोती उन्हात वाळतात आणि प्रत्येकाच्या जागी चुन्याचे पांढरे कडे राहते.

मग निवड करावी कशी, असे कोणी विचारील. आधी गाडी भरपूर पाण्याने, गाडीच्याच शाम्पूने धुवा. भांड्यांचा साबण नको. तो तुपाचा ओशटपणा काढतो तसा मेणाचा थरही काढू लागतो. बादल्या दोन, एक साबणाची आणि एक फडके खंगाळायची. वाळल्यावर ब्रेडच्या पातळ पिशवीत हात घालून रंगावरून फिरवा. खरखर लागली तर रंगात रुतलेले कण आहेत. ते उचलायला क्ले नावाची माती मिळते, भरपूर ओलाव्यावर हलके फिरवायची. गुळगुळीत लागले आणि उन्हात जाळी दिसत नसेल, तर पॉलिशचे नावही काढू नका, सरळ वॅक्स लावा. डब्यावर ‘कट’, ‘स्क्रॅच रिमूव्हर’, ‘क्लीनर’ असे शब्द दिसले की ते काढणाऱ्यांच्या कुळातले समजा, शेजारी वॅक्स लिहिलेले असले तरी. आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री बॉनेटवर फटाक्यांची राख पडेल, ती सकाळी कोरड्या फडक्याने झटकू नका. नवा ड्रेस घातलेली मुले हौसेने फडके घेऊन धावतात. त्यांना आधी पाणी ओतायला सांगा.

माझी मागणी मात्र दुकानदारांकडे आहे, आणि ती आईच्या पाटल्यांइतकी साधी आहे. रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजणारे छोटे यंत्र मिळते. पत्र्याला टेकवले की आकडा दाखवते. सोनार वजन करतो, तसे यांनी मोजावे. बॉनेट, चारही दारे, टप. पॉलिशच्या आधी किती आणि नंतर किती, ते बिलावर लिहावे. काय काढले आणि काय चढवले, हे दोन वेगळ्या ओळींत लिहावे. भराव घातला असेल तर ‘भराव’ लिहावे. गाडी ट्यूबलाइटखाली न दाखवता उन्हात दाखवावी. याला कोणी खर्चिक म्हणेल, तर गुंज तोलणाऱ्या सोनाराचा काटाही फुकट येत नाही. आणि गिऱ्हाइकांनीही असे बिल मागितल्याशिवाय किल्ली हातातून सोडू नये. दहा जणांनी मागितले तर अकराव्याला मागावे लागणार नाही.

मी त्या दुकानात पुन्हा गेलो होतो. टपाचे फोटो दाखवले. दुकानदार म्हणाला, “पुसणारा बदला, सर.”

सोसायटीच्या पुढच्या सभेत मी उभा राहिलो आणि टपाची गोष्ट सांगितली. कापलेले पैसे परत करावेत, असा ठराव मांडला. तो हिशेबात बसत नाही असे निघाले, तेव्हा ते मी माझे पाठवले. मग त्याला फोन केला. तो आता हडपसरकडे एका गोदामात रात्रपाळी करतो, सकाळी मैदानावर पळतो. मी जे सांगायचे होते ते सांगितले. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “टपाचं मी तेव्हाच बोललो होतो, सर.” मी म्हटले, “हो, बोलला होतास.” परत येतोस का, असे विचारले, तेव्हा त्याने पाण्याचे विचारले. किती बादल्या?

दुसरी बादली मी त्याच दिवशी आणली. पाण्याचा ठराव पुढच्या सभेत आहे. तोवर टप मीच धुतो, स्टूल लावून.